दोन ससे एकत्र आणले, तरी जोडी का जमत नाही?

पेट शॉपमधून ‘जोडी’ म्हणून आणलेली दोन पिल्लं तीन-चार महिने एकाच टोपलीत, एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपतात. मग एका सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले असतात, एकाचा कान फाटलेला असतो आणि दुसरा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. घरचे चक्रावतात. कालपर्यंत एका ताटात खाणारे, एका रात्रीत झालं काय? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटपासून कसबा बावड्यातल्या परड्यापर्यंत ससे पाळणाऱ्या पुष्कळ घरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. शेजारीपाजारी सांगतात, “एक तापट निघालाय, देऊन टाका कुणाला तरी.”

ससा तापट निघालेला नसतो. सशांची जोडी विकत मिळत नाही, ती जमवावी लागते, आणि जमवण्याचा एक क्रम आहे. ससे पाळणारे याला ‘बाँडिंग’ म्हणतात. मी इथं ‘जोडी जमवणं’ असंच म्हणणार आहे. हा क्रम माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले ससे जखमी होतात, कुणाला तरी देऊन टाकले जातात किंवा आयुष्यभर एकटे पिंजऱ्यात राहतात. हे सगळं टाळता येतं, म्हणून हा लेख.

## ससा कळपातला की एकांडा?

आपण घरात पाळतो तो ससा मूळचा युरोपातला. जंगलात तो जमिनीखाली बिळांची मोठी वसाहत करून, गटानं राहतो. पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला डोंगरात दिसतो तो रानससा हा वेगळाच प्राणी. तो बीळ खणत नाही, बहुतेक एकटा फिरतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरच्या सशाची पिल्लं मात्र उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली असतात. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ऊसतोडीत किंवा गवत कापताना त्याचं पिल्लू दिसलं तर उचलून घरी आणायचं नाही. आई दिवसभर जवळ नसते, दूध पाजायला तेवढी येते. पिल्लू पोरकं झालेलं नसतं.

पाळीव सशाला सोबत किती लागते, यावर २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतल्या माद्यांना वजन लावलेलं दार ढकलून पलीकडे जावं लागायचं. कधी पलीकडे खाणं असायचं, कधी दुसरा ससा. दुसऱ्या सशाकडे जाण्यासाठी त्यांनी जवळजवळ खाण्याइतकेच कष्ट घेतले.

मग अडतं कुठं? सशाला सोबत हवी असते, पण कोण सोबत राहणार हे त्याला स्वतः ठरवायचं असतं. गटाबाहेरून आलेला ससा हा त्याच्या दृष्टीनं आधी घुसखोर असतो.

## भांडण स्वभावाचं नाही, हद्दीचं

सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. तो टेबलाच्या पायावर, दाराच्या कडेवर, तुमच्या चपलेवर हनुवटी घासत फिरतो, तेव्हा ‘हे माझं’ अशी खूण करत असतो. लेंड्या टाकणं आणि मूत्र उडवणं हेही त्यासाठीच. आपल्याला कसलाच वास येत नाही, पण सशासाठी ती खोली कोपऱ्या-कोपऱ्यातून आखलेली असते.

आपल्याकडे सख्खे भाऊ एका पंगतीत जेवतात, आणि बांध वीतभर सरकला की तेच भाऊ तहसीलदारासमोर उभे राहतात. सशांचं तसंच आहे. पहिल्या सशाच्या पिंजऱ्यात दुसरा आणून सोडणं म्हणजे त्याला थेट बांध ओलांडायला लावणं. सगळ्यांत जास्त मारामाऱ्या इथंच होतात, आणि नेमकं हेच लोक सगळ्यांत आधी करतात.

## वयात आले की चित्र पालटतं

लहानपणी गोडीत राहणाऱ्या भावंडांचं पुढेही जमेल, असं आपण धरून चालतो. पण लहान जातीचे ससे साधारण साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मोठे थोडे उशिरा. शरीरातले संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, प्रवाह सुरू झाले की नर अंगावर चढायला आणि मूत्र उडवायला लागतो, आणि मादी आपला कोपरा राखायला लागते. टोपलीतली मैत्री तिथं संपते.

भांडण झालं नाही तर दुसरी अडचण येते. मादीचा गाभणकाळ जेमतेम ३० ते ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीसाठी दोन डझन ससे मागवले, आणि पुढच्या काही दशकांत सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. तेव्हा ‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं अवघड असतं आणि जाणकारांचीही चूक होते. तीन महिन्यांची झाली की डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, आणि तोवर शंका असेल तर वेगळी ठेवा.

यावरचा उपाय म्हणजे दोघांची नसबंदी. नराची साधारण चार महिन्यांनंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर. शस्त्रक्रिया झाली की लगेच एकत्र सोडायची घाई करू नका. संप्रेरकं उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि एवढ्या काळात नरापासून गर्भही राहू शकतो. माझ्या मते सगळ्या क्रमात लोक गाळतात ते हेच वाट बघणं.

## “एवढ्याशा जिवाला चिरफाड कशाला?”

हा आक्षेप मायेपोटी येतो आणि त्यात तथ्यही आहे. सशाला भूल देणं कुत्र्या-मांजरापेक्षा जोखमीचं असतं. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के, तर सशांत सुमारे १.३९ टक्के होतं. त्यात आधीच आजारी असलेले ससेही होते. निरोगी सशांत ते जवळपास निम्मं होतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा, विशेषतः चार वर्षांनंतर, गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण खूप मोठं आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे जोडी जमवायची नसली तरी मादीची नसबंदी तिच्या हिताची आहे.

खरा प्रश्न डॉक्टर निवडण्याचा आहे. आपल्याकडे गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचेही आहेत, पण ससा वेगळा पडतो. आधी विचारा, “सशांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का?” मग विचारा, “आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?” सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं राहिलं की आतडी थंडावतात, म्हणून त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवत नाहीत. “हो, रात्रभर काही देऊ नका,” असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा, मग त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी चालेल. शस्त्रक्रियेनंतर दुखणं कमी करणारं औषध देणार का, हेही विचारून घ्या.

## आधी वास, मग नजरभेट

वाट बघण्याचे आठवडे फुकट घालवायचे नाहीत. दोघांना शेजारी-शेजारी, पण दोन जाळ्यांआड ठेवा. दोन जाळ्यांमध्ये पंजाएवढं अंतर हवं, नाहीतर जाळीतूनच नाक किंवा ओठ चावला जातो. एक-दोन दिवसांनी दोघांच्या शौचपेट्या बदला. याची लेंडी असलेलं गवत तिकडं, तिचं इकडं. पुढे दोघांच्या जागाच अदलाबदल करा. सुरुवातीला ससा बिथरतो, जागोजागी हनुवटी घासतो, लेंड्या पसरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघं आपापलं खात बसले, अंग धुऊ लागले, किंवा कुशीवर लवंडून निवांत पडले, की पुढं जायची वेळ झाली. याला एक आठवडा लागेल, कधी चार लागतील.

खाणंही जाळीजवळच ठेवा, म्हणजे समोरच्याचा वास आणि पोटभर चारा यांची सांगड बसते. चारा म्हणजे मुख्यतः वाळलेलं गवत. गाजर हा सशाचा मुख्य आहार नाही, ते गोड असल्यामुळे चवीपुरतं पुरे.

## भेट परक्या जागेत

पहिली समोरासमोर भेट अशा जागी ठरवा, जिथं दोघांपैकी कुणीच कधी फिरलेलं नाही. न्हाणीघर, जिन्याखालचा कोपरा, शेजाऱ्यांची रिकामी खोली, काहीही चालेल. गच्ची मात्र नको. तिथं घारी, बोके आणि ऊन तिन्ही असतात. शहाबादी फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरला की तो घाबरतो, म्हणून गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. मध्ये गवताचा मोठा ढीग करा, कोथिंबीर पसरून टाका. पाण्याची दोन भांडी, दोन शौचपेट्या. लपायला खोका ठेवलात तर त्याला दोन तोंडं पाडा. एकाच तोंडाच्या खोक्यात एक अडकतो आणि दुसरा दार अडवून बसतो.

तुम्ही जमिनीवर, दोघांच्या जवळ बसा. मोबाइल बाजूला ठेवा. हातात जाड मोजे आणि शेजारी सुपली असू द्या. पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची पुरे. सगळं छान चाललं असतानाच भेट संपवा, भांडणानंतर नाही, कारण सशाच्या लक्षात शेवट राहतो तो चांगला हवा. रोज भेट घडवा आणि वेळ वाढवत न्या. काही जोड्या चार दिवसांत जमतात, काहींना महिने लागतात.

## त्यांचं बोलणं कसं ओळखायचं?

ससे आवाज फारसा करत नाहीत, म्हणून सगळं अंगावरून वाचावं लागतं.

समजा, दोघांना न्हाणीघरात सोडलं. पहिली काही मिनिटं ते एकमेकांकडे बघतही नाहीत. एक भिंतीचा वास घेतो, दुसरी कोथिंबीर खाते. लोकांना वाटतं, जमत नाही. उलट, ही चांगली सुरुवात आहे. पाठ फिरवून खाता येणं म्हणजे समोरच्याची तेवढी धास्ती नाही. मग नर जवळ येतो, तिच्या मागच्या बाजूला नाक लावतो, ती दोन पावलं सरकते. तो अंगावर चढतो. ही वरचढ कोण ते ठरवण्याची रीत आहे, नसबंदीनंतरही होते आणि माद्याही करतात. पाच-दहा सेकंद होऊ द्या, मग हातानं हळूच बाजूला करा. तो डोक्याच्या बाजूनं उलटा चढला तर मात्र क्षणभरही थांबू नका. खालच्या सशाचं तोंड तेव्हा नेमकं त्याच्या नाजूक जागी असतं आणि चावा फार वाईट बसतो.

थोड्या वेळानं एक जण समोर येऊन डोकं जमिनीला टेकवतो आणि तसाच थांबतो. याचा अर्थ, ‘मला चाट.’ हा सगळ्यांत महत्त्वाचा क्षण. दुसऱ्यानं कपाळ चाटलं तर निम्मं काम झालं. दोघंही डोकं टेकवून अडून बसले तर ताण वाढतो आणि वाट बघून कंटाळलेला कचकन चावू शकतो. अशा वेळी दोघांच्या कपाळावरून तुम्हीच एकदम हात फिरवा. प्रत्येकाला वाटतं, समोरच्यानंच चाटलं.

थोडा पाठलाग, तोंडात केसांचा पुंजका येईल इतपत चिमटा, हे चालवून घ्या. धोक्याची लक्षणं वेगळी आहेत: कान मागं घट्ट चिकटलेले, शेपूट वर ताठ, अंग ताणलेलं, घशातून गुरगुर. दोघं एकमेकांभोवती गोल गोल, वेग वाढवत फिरू लागले की ताबडतोब मध्ये सुपली घाला. ते गोल पुढच्या क्षणी एकमेकांत गुंतून लोळणाऱ्या मारामारीत बदलतात आणि तिथं सेकंदात कातडी फाटते. उघडा हात कधीही घालू नका.

## चावा बसलाच तर

केसांखालची जखम डोळ्यांना दिसत नाही. बोटांनी केस बाजूला करत पूर्ण अंग तपासा, विशेषतः पोट, मांड्या आणि कान. सशाचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, गाठ होते आणि ती कापून काढावी लागते. पावसाळ्यात तर जखमेत किडे पडायला एक दिवस पुरतो. म्हणून ‘बरी होईल आपोआप’ म्हणू नका.

घरातली औषधं देऊ नका. अमोक्सिसिलिनसारखं प्रतिजैविक पोटातून गेलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला विषारी आहे. आणि कारण कुठलंही असो, ससा दहा-बारा तास खात नसेल तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

## “गाडीतून एक चक्कर मारून आणा, जमतंय की!”

हा सल्ला सर्रास मिळतो. एका खोक्यात घालून दोघांना हायवेवरून फिरवलं की ते एकमेकांना चिकटून बसतात, हे खरं आहे. पण ते चिकटणं भीतीचं असतं. घरी आल्यावर भीती ओसरते आणि हद्दीचा प्रश्न होता तिथंच राहतो. शिवाय घाबरलेल्या सशाची आतडी बंद पडू शकतात. मी हा मार्ग कुणालाही सुचवणार नाही.

## “आमचा एकटाच मजेत आहे, माणसांत रमलाय”

रमत असेल. पण ससे सगळ्यांत जास्त जागे असतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि त्या वेळी घरातली माणसं एक तर झोपेत असतात किंवा कामात. तुम्ही त्याचे कान चाटू शकत नाही. तुमच्या घरी सतत कुणीतरी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. सोबत म्हणून गिनीपिग आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. दोघांचा आहार वेगळा आहे, ससा त्याला दबवतो, आणि सशाला त्रास न देणारे काही जंतू गिनीपिगच्या फुप्फुसाला त्रास देतात.

दोन माद्या किंवा दोन नर जमू शकतात, नसबंदी झालेली असेल तर. तरी पहिल्यांदाच करणाऱ्यानं नसबंदी केलेला एक नर आणि एक मादी घ्यावी. तीच जोडी सगळ्यांत सहज जमते.

## कोल्हापुरात कधी सुरुवात करावी?

दिवाळी आटोपल्यावर, थंडी पडली की. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच आहेत, आणि २८-३० अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. त्यात पाठलाग झाला तर उष्माघात ठरलेला. पावसाळ्यात गवताला बुरशी येते आणि वर सांगितलेलं जखमांचं भय असतं. गणपतीत आणि शिवजयंतीला डॉल्बी लागते, दिवाळीत फटाके. मिरवणुकीचा मार्ग घराजवळून जात असेल तर त्या दिवसांत नवी भेट ठेवू नका. जोडी आधीच जमलेली असेल तर मात्र त्या रात्री दोघांना आतल्या खोलीत एकत्रच ठेवा.

## जमली हे कधी समजायचं?

परक्या जागेत दोघं तासन् तास एकत्र खातात, एकमेकांना चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात, हे सलग काही दिवस दिसलं की त्यांना घरच्या जागेत आणा. पण ती जागा आधी पुसून घ्या. विनेगर घातलेल्या पाण्यानं फरशी आणि जाळी धुवा, सामानाची मांडणी बदला, म्हणजे जुनी हद्द उरत नाही. पहिले दोन दिवस कुणीतरी घरी थांबा. ४८ तास कुरबुरीशिवाय गेले की लक्ष ठेवणं सैल करा. जागा ऐसपैस हवी. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान ३ मीटर बाय २ मीटर जागा सांगते, म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. दुकानातला पिंजरा त्याच्या जवळपासही जात नाही. घराच्या खोलीत जाळी लावून ती जागा करता येते.

त्यानंतर एक नियम कायम पाळा: दवाखान्यात एकाला न्यायचं असलं तरी दोघांना न्या. एकटा गेलेला औषधांचा वास घेऊन परत येतो आणि घरी थांबलेल्याला तो अनोळखी वाटतो. जमलेल्या जोड्या अशा एका फेरीनं तुटलेल्या आहेत.

## आणि जमलीच नाही तर?

तसंही होतं. प्रत्येक भेटीत रक्त निघत असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, भेटी बंद करा, फक्त वासांची अदलाबदल चालू ठेवा आणि नव्या परक्या जागेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. तरीही नाही जमलं तर दोघांपैकी एकाला देऊन टाकायची गरज नाही. दोन जाळ्यांआड, पंजाएवढं अंतर ठेवून, शेजारी-शेजारी राहू द्या. वास येतो, एकमेकांना बघता येतं, दोघं जाळीच्या आपापल्या बाजूला एकाच वेळी खायला येतात. मोकळं फिरायला मात्र आळीपाळीनं सोडा, आणि दार लावलंय का हे घरातल्या लहान मुलांवर न सोपवता स्वतः बघा.